सात फूट कापायचं की घर फिरवायचं?

वाचकाचा प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी, रस्त्याला लागून आमची पाच गुंठ्यांची जागा आहे. रस्त्याकडेने ६६ फूट, आत साडेब्याऐंशी फूट. रस्ता पश्चिमेला आणि खाली. मागची पूर्वेची हद्द रस्त्यापासून जवळजवळ १४ फूट उंच. मी मुंबईत नोकरीला आहे. घर आई-वडिलांसाठी बांधायचं आहे. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. गणपतीत आणि मे महिन्यात मिळून पंधरा-सोळा माणसं जमतात. भावाने पुण्याच्या ओळखीतून प्लॅन आणला आहे : रस्त्याकडे २८ फूट, आत ४६ फूट, सगळं एकाच पातळीवर. कंत्राटदार म्हणतो, वरून सात फूट कापू, खाली सात फूट भरू, जेसीबीला दोन-तीन दिवसांचं काम आहे. पश्चिमेकडे भराव घालून ती बाजू उंच केली की वास्तूचाही दोष जाईल, असं वडिलांना कोणी सांगितलंय. दुसरे एक इंजिनिअर म्हणाले की जमीन तशीच ठेवा, दोन-तीन पातळ्यांचं घर बांधा आणि खाली गाडी लावा. पण घरात पायऱ्या आल्या तर आई फिरणार कशी? काय करावं?

उत्तर :

आईच्या वाटेत पायऱ्या नकोत हे तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि सगळं नियोजन त्याच्याभोवतीच व्हायला हवं. पण पत्रात एक गृहीत आहे, ते आधी तपासू. प्लॉट सपाट केला की पायऱ्या संपतील, असं तुम्ही धरून चालला आहात. कंत्राटदाराच्या हिशोबाने सपाटी रस्त्यापासून सात फुटांवर येते. त्यावर दीड फूट जोतं. म्हणजे आईला रस्त्यावरून घरात यायला साडेआठ फूट चढायचंच आहे. सहा इंचांची एक पायरी धरली तर १७ पायऱ्या. त्याही घराबाहेर, जुलैच्या पावसात, शेवाळ धरलेल्या. चढ गेला नाही, तो उंबऱ्याच्या आतून बाहेर गेला. तेव्हा जागा सपाट करावी की नाही यापेक्षा, हा साडेआठ फुटांचा चढ कुठे आणि कशा रूपात ठेवायचा, हे आधी ठरवा.

आता उताराचं माप. साडेब्याऐंशी फुटांत १४ फूट म्हणजे साधारण सहा फुटांना एक फूट, कोनात साडेनऊ अंश. तळिये आणि इर्शाळवाडीनंतर उतार म्हटलं की पोटात गोळा येतो, ते समजण्यासारखं आहे. ते डोंगर वेगळे, तुमचा उतार त्या जातीचा नाही. तरी तुमच्या हद्दीच्या वर काय आहे, हे पाहून घ्याच. वरच्या अंगाला जमिनीत अर्धवर्तुळाकार भेगा, मुळाशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडं, फुगलेला गडगा, पावसात नव्याने फुटलेला झरा यांपैकी काही दिसलं तर घराचा प्लॅन बाजूला ठेवून आधी भूगर्भतज्ज्ञाला जागेवर न्या.

नियमाची बाजूही यालाच जोडून येते. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम आणि कापणी-भराव यांवर राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत निर्बंध आहेत. तुमचा उतार सरासरी एकास सहाच्या आसपास, म्हणजे सीमेच्या अलीकडे. पण सरासरी फसवते. खालची वीस फुटं जवळपास सपाट आणि वरची वीस फुटं खडी असू शकतात. म्हणून कागदावर घर काढण्याआधी जागेच्या पातळ्या घ्या.

परवानगीला सर्व्हेअरचा कंटूर नकाशा, म्हणजे जमिनीचे चढउतार रेषांनी दाखवणारा नकाशा, लागेल. पण घराची जागा ठरवायला गवंड्याची पाण्याची नळीही पुरते. पारदर्शक नळी, ५० फूट लांब. एका टोकाने सावकाश पाणी भरा, सगळे बुडबुडे निघून जाऊ द्या. एक जरी बुडबुडा अडकला तरी माप चुकतं. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना, ते आधी बघा. मग दर दहा फुटांवर खुंट्या ठोका, रस्त्याच्या कडेची एक पक्की खूण शून्य धरा आणि प्रत्येक खुंटीची उंची वहीत लिहा. ६०-६५ खुंट्या होतील, दोन माणसांचं एका दिवसाचं काम. हे आकडे चौकटीच्या कागदावर मांडले की जमीन कुठे पोट काढते आणि कुठे खोलगट आहे ते दिसतं. खोलगट पट्टा पावसाच्या पाण्याची वाट असतो. तिथे घर येऊ देऊ नका.

आता भावाने आणलेला प्लॅन. पुण्यातल्या सपाट, अरुंद प्लॉटवर २८ फूट तोंड आणि ४६ फूट खोली अगदी योग्य. तुमच्याकडे तेच घर लांबीने डोंगरात घुसतं. ४६ फुटांत जमीन जवळजवळ आठ फूट चढते. तेच घर काटकोनात फिरवा : रस्त्याला समांतर ४६ फूट लांब, उताराच्या दिशेने २८ फूट. आता घराखालच्या जमिनीत फरक पावणेपाच फूट. क्षेत्रफळ तेवढंच, खोल्या तेवढ्याच. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोकळेही राहतात. दोन टोकाच्या सल्ल्यांत तुम्ही अडकला आहात, पण या एका बदलाने मधला रस्ता उघडतो. संपूर्ण प्लॉट सपाट करायला नको आणि घरात पातळ्याही नकोत. फक्त घराखालचा पट्टा सपाट करायचा.

आकडे मांडून दाखवतो. घराची पुढची भिंत रस्त्यापासून २५ फुटांवर घ्या. तिथे जमीन रस्त्यापासून सव्वाचार फूट उंच आहे. मागची भिंत ५३ फुटांवर, तिथे जमीन नऊ फुटांवर. घराखालची सपाटी मधोमध, साडेसहा फुटांना थोडं वर धरली आणि घरातल्या फरशीची पातळी आठ फुटांवर ठेवली, तर मागे जेमतेम अडीच फूट कापायचं आणि पुढचं जोतं पावणेचार फूट उंच बांधायचं. मागच्या भिंतीपासून डोंगराकडे पाच फुटांची मोकळी बोळ सोडावी लागेल, ती धरून सगळ्यात खोल कापणी सव्वातीन फूट. माती निघेल १७-१८ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). संपूर्ण प्लॉट सपाट करायचा तर एकट्या कापणीचीच माती ९५ ब्रास होते. ती बाहेर न्यायची तर तहसील कार्यालयातून गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी; आतच भरायची तर तो भराव जन्मभर सांभाळायचा.

भरावाचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण कोकणातल्या नव्या घरांना तडे जाण्यामागे बरेचदा हेच असतं. कापलेली माती मोकळी होऊन फुगते. जेसीबीने ढकलून टायरने दाबली की वरून घट्ट वाटते, आत पोकळच असते. पहिला-दुसरा पावसाळा झाला की ती बसते. कंत्राटदाराच्या पद्धतीत तुमचं अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर येईल. मूळ जमीन हलत नाही, भराव खचतो आणि त्या सीमारेषेवर फरशी दुभंगते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. त्यावर नुसता गिलावा फासून भागत नाही. म्हणून दोन गोष्टी करारात लिहून घ्या. प्रत्येक फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या रुंद पायाचा, तळ मूळ घट्ट जमिनीतच असेल, भरावात एकही नाही. आणि जोत्यातला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, कॉम्पॅक्टरने ठोकून भरला जाईल. पुढच्या फुटिंग्ज खाली आणि मागच्या वर येतील, तेव्हा शेजारच्या दोन तळांत एक फूट उंचीचा फरक असेल तर आडवं अंतर किमान दोन फूट ठेवायचं, नाहीतर वरचीचा भार खालचीच्या कडेवर जातो. पुढचं पावणेचार फुटांचं जोतंही आत मुरूम अडवणारी भिंतच असतं. त्याची जाडी नेहमीच्या दीड फुटी जोत्यासारखी धरू नका, इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या.

खोल कापू नये याचं दुसरं कारण जांभ्यात आहे. वरचा जांभा उघडा पडून कडक झालेला असतो, चिरे काढण्याइतका. खाली जाल तसा तो मऊ होत जातो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या तळाशी पांढरट-गुलाबी चिकट माती लागते, जिला आपल्याकडे शेडी म्हणतात. कोरडी असताना ती टणक वाटते, ओली झाली की साबणासारखी सुटते. सात फुटांच्या कापणीत वरचं कडक कवच फोडून तुम्ही ही शेडी उघडी पाडू शकता आणि मग वरचा जांभा खालून पोकळ होत जातो. म्हणून तीन चाचणी खड्डे घ्या. एक मागच्या हद्दीजवळ, एक घराच्या जागी, एक खाली. प्रत्येक तीन बाय तीन फूट आणि सहा फूट खोल. कुठल्या खोलीवर काय लागलं ते मापाची टेप आत सोडून फोटोसकट नोंदवा. तेच खड्डे, कठडा घालून, एका पावसाळ्यात उघडे ठेवता आले तर पाणी कुठपर्यंत चढतं तेही कळेल.

संरक्षक भिंतीचं गणित कंत्राटदार बहुधा सांगत नाहीत. भिंतीची उंची दुप्पट झाली की मागच्या मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. सगळं सपाट केलं तर तुम्हाला ६६ फूट लांबीच्या, सात फुटी दोन भिंती लागतील, एक वर आणि एक रस्त्याला लागून. शिवाय शेजाऱ्यांची जमीन उतरतीच राहणार, म्हणून दोन्ही बाजूंनाही उतरत्या उंचीच्या भिंती. शेजाऱ्याच्या गडग्याच्या पायाशी सात फूट कापायचं म्हणजे त्याच्याशी वैर आणि त्याच्या जागेलाही धोका. जेसीबीचे तास स्वस्त असतात, पण त्याने उघडी केलेली माती धरून ठेवणाऱ्या भिंती महाग पडतात, आणि तुम्हाला दिलेल्या अंदाजात त्या धरल्या आहेत का, हे विचारून घ्या.

घर फिरवल्यावर मागे सव्वातीन फुटांचीच भिंत उरते. ती चिऱ्याची, तळाशी दोन फूट रुंद, डोंगराकडे किंचित कललेली बांधा. भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं, कापड, आणि तळाजवळ दर पाच फुटांवर तीन इंची पाइपाची भोकं. ही भोकं गवंडी बरेचदा गिलाव्यात बुजवतात. शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येक भोकात सळई घालून बघा. पाणी मागे साठलं तर भिंतीवरचा जोर निचरा असलेल्या मातीच्या दुपटीहून जास्त होतो. आपले कोरडे रचलेले जुने गडगे इतकी वर्षं टिकले त्यामागे हेच आहे, त्यांच्या फटींतून पाणी निघून जातं. कुठल्याही भागात उंची चार फुटांच्या वर जायला लागली तर एक उंच भिंत न बांधता दोन बुटक्या बांधा आणि त्यांच्यामध्ये भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. त्या पट्टीत हळद-आलं, अबोली होईल.

मागची पाच फुटांची बोळ कितीही वाया गेलेली वाटली तरी ठेवा. कापलेली माती घराच्या भिंतीला टेकली की ती खोली कायमची दमट. गाद्या-कपड्यांना बुरशी येते आणि वॉटरप्रूफिंग किती वर्षं पुरेल याची खात्री नाही. कापणीच्या वर, काठापासून डोंगराकडे पाच फुटांवर, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल चर काढा, तळाला काँक्रीट, शंभर फुटांना एक फूट उतार देऊन दोन्ही बाजूंनी वळवा. तो शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका, रस्त्याच्या गटारात किंवा वहाळात न्या. छपराचं पाणीही कमी नसतं. पागोळ्या धरून १५० चौरस मीटर छप्पर असेल तर १०० मिलिमीटर पाऊस पडलेल्या दिवशी १५,००० लिटर पाणी उतरतं, आणि रत्नागिरीत असे दिवस दरवर्षी येतात. ते पुढच्या जोत्याच्या पायाशी नुसतं पडू दिलं तर तीच माती धुपेल. पन्हळ आणि पाइपाने थेट खालच्या गटारापर्यंत न्या.

आता आईची वाट. पुढून पडवीला आठेक पायऱ्या येतील, त्या पाहुण्यांना आणि गणपतीच्या मिरवणुकीला. रोजची वाट वेगळी करा. प्लॉटच्या दक्षिण कोपऱ्यातून, रस्त्यावरून, चार फूट रुंदीची पायवाट तिरकी चढवत उत्तरेकडे न्या. एकास बारा उतार, म्हणजे बारा फुटांना एक फूट. घराच्या उत्तर टोकाला वळून ती बाजूच्या मोकळ्या पट्ट्यातून माजघराच्या उत्तर दारापर्यंत जाते. एकूण लांबी ७८ फुटांच्या आसपास, चढ साडेसहा फूट. वळणापाशी वाट जमिनीपासून फूटभर उचलावी लागेल, तिथे दोन्ही कडांना चिरे लावा. दाराशी फक्त तीन पायऱ्या उरतील. ७८ फूट सलग चढ गुडघ्यांना जड जाईल, म्हणून दर तीस फुटांवर पाच फुटांचा सपाट टप्पा आणि एका टप्प्यावर बसायला चिऱ्याचा कट्टा करा. टप्प्यांमुळे वाट दहा फुटांनी लांबेल, तेवढी जागा आहे. खालच्या बाजूला तीन फूट उंचीचा कठडा. पृष्ठभाग खडबडीत काँक्रीटचा. गुळगुळीत फरशी अजिबात नको.

गाडीसाठी घराखाली जागा काढायचा मोह टाळा. पुढे जोत्याखाली चार फूटही उंची मिळत नाही. गाडी घालायची तर घर आणखी उचलायचं, आणि मग आईला आख्खा मजला चढायचा. त्यात उतारावरच्या खांबांची एक खोड असते. मागचे खांब आखूड, पुढचे लांब. निम्म्या उंचीचा खांब आठपट ताठर असतो, म्हणून भूकंपात बहुतेक हादरा तोच अंगावर घेतो आणि आधी तुटतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या जिल्ह्याला परका नाही. गाडी उत्तर कोपऱ्यात रस्त्याला समांतर लावा : वीस फूट लांब, दहा फूट आत. कापणी पावणेदोन फूट, मागे बुटकी भिंत. पायवाट तिच्या वरून सहज जाते.

घर फिरवण्यात एक तोटा आहे. ४६ फुटांची लांब बाजू पश्चिमेला येते, म्हणजे पावसाचा मारा आणि दुपारचं ऊन दोन्ही तिच्यावर. म्हणून पुढची सात फूट सलग पडवी करा आणि छप्पर तिच्याही पुढे तीन फूट काढा. उरलेल्या २१ फुटांत पुढच्या ओळीला माजघर आणि आई-वडिलांची खोली, मागच्या ओळीला स्वयंपाकघर, न्हाणीघर-संडास, साठवणीची खोली. आई-वडिलांच्या खोलीला लागूनच एक संडास हवा, दार तीन फूट रुंद आणि उंबरा नको. गणपतीत पडवीवर आठ-दहा जणांची झोपायची सोय होते. पडवीला बांबूचे किंवा ताडपत्रीचे पडदे लावायला कड्या आधीच बसवून घ्या. उद्या वर मजला चढवायचा विचार असेल तर तोही आताच इंजिनिअरला सांगा. फुटिंगची मापं त्यावर ठरतात, आणि जिना घराच्या दक्षिण टोकाला ठेवला तर आईच्या वाटेत येत नाही.

वडिलांच्या वास्तूच्या काळजीबद्दल. पश्चिम उंच आणि पूर्व सखल असावी, हा त्यामागचा संकेत. तुमची जमीन नेमकी उलट आहे, आणि ती उलटवायला जो भराव घालावा लागेल तो या सगळ्या योजनेतला सगळ्यात धोक्याचा भाग असेल. घराची फरशी तर एका पातळीतच राहणार आहे. देवघर ईशान्य कोपऱ्यात ठेवा, पाणी ईशान्येला साठवा. जे पाळता येतं ते आनंदाने पाळा. डोंगराची दिशा बदलायला जाऊ नका, एवढं त्यांना भावाच्या तोंडून सांगितलंत तर बहुधा पटेल.

सेप्टिक टँक घराच्या खालच्या अंगाला, दक्षिणेच्या बाजूला घ्या. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब हवा. तुमची विहीर वरच्या कोपऱ्यात घेतलीत तर हे जमतं, पण रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याची विहीर कुठे आहे ते मोजा. जांभ्याच्या भोकांतून पाणी फार वेगाने वाहतं आणि तुमचा उतार त्याच्याकडे आहे. सांडपाण्याचा चार इंची पाइप ४० ते ६० फुटांना एक फूट एवढ्याच उताराने न्या. जमिनीबरोबर खडा सोडलात तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. उंची उतरवायची ती चेंबरमध्ये, उभ्या पाइपाने.

शेवटी वेळ. दिवाळीनंतर गवत काढून पातळ्या आणि खड्डे, मग परवानग्यांना लागेल तेवढा वेळ. कापणी कुठल्याही वर्षी डिसेंबर-जानेवारीतच सुरू करा. मार्चअखेर मागची भिंत आणि वरचा चर पूर्ण झालेच पाहिजेत, मग पाया आणि जोतं. परवानगी लांबून एप्रिल उजाडला तर त्या वर्षी जेसीबी लावूच नका. उघडी कापणी पावसात सोडण्यापेक्षा एक हंगाम थांबलेलं परवडतं. अंगणाच्या भरावावर फरशी मात्र एक पावसाळा जाऊ दिल्यावरच टाका. आणि कंत्राटदाराला दोन-तीन दिवसांच्या जेसीबीचा होकार देण्याआधी या आठवड्यात एवढंच करा : घर फिरवलेल्या मांडणीचा, भिंती, चर आणि पायवाट धरून, लेखी अंदाज त्याच्याकडूनही मागा, त्या दुसऱ्या इंजिनिअरकडूनही. सपाटीच्या मांडणीचाही तसाच, भिंतींसकट मागा. ते अंदाज भावासमोर ठेवा, मग चर्चा अंदाजपंचे होणार नाही.